सॅन फ्रान्सिस्कोचा सिटी हॉल आणि तिथला एलजीबीटीक्यू वारसा: एका दिवसात नीट कसा बघायचा

बे एरियात भारतातून पाहुणे आले की सॅन फ्रान्सिस्कोची फेरी ठरलेलीच असते. गोल्डन गेट, पिअर ३९, लोम्बार्ड स्ट्रीटची वळणं, आणि परतताना ‘तो घुमटवाला सिटी हॉलही बघून टाकू’. तो दिवस हमखास शनिवार असतो आणि सिटी हॉलचं दार बंद असतं. कुणी कामाच्या दिवशी गेलंच, तर खालच्या मजल्यावर उभं राहून घुमटाचे फोटो काढतं आणि बाहेर पडतं. इथंच काम केलेला आणि इथंच मारला गेलेला, उघडपणे समलिंगी असलेला लोकप्रतिनिधी हार्वे मिल्क, त्याचा पुतळा वर असतो, तो राहूनच जातो. आधी कॅस्ट्रोला, म्हणजे शहरातल्या समलिंगी लोकांच्या प्रसिद्ध वस्तीत, जाणाऱ्यांचा दिवस तिथल्या कॉफीतच संपतो.

या इमारतीत काय घडलं हे सांगणाऱ्या पाट्या फार कमी आहेत. म्हणून कुठल्या कोपऱ्यात काय घडलं ते आधी डोक्यात ठेवायचं, सकाळी सिटी हॉल करायचा आणि दुपारनंतर कॅस्ट्रो. खालचा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे.

## १. वार निवडा, मगच तारीख

सिटी हॉल सोमवार ते शुक्रवार उघडा असतो. शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्यांना बंद. कॅस्ट्रोमधलं जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटीचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणजे सोमवार बाद. शुक्रवारी लग्नांची सर्वात जास्त गर्दी असते आणि जिन्याच्या वरच्या टोकाला उभं राहायला जागा मिळत नाही, म्हणजे शुक्रवारही नको. उरले मंगळवार, बुधवार, गुरुवार.

यात मंगळवारचा एक खास फायदा आहे. बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची नियमित सभा मंगळवारी दुपारी दोनला भरते आणि ती कुणालाही बसून बघता येते. हे बोर्ड म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेची सर्वसाधारण सभा समजा, फक्त सदस्य ११. मिल्क याच सभागृहात बसायचा. सभा ऐकायची असेल तर पुढचा सगळा क्रम दोनेक तास मागे सरकवावा लागतो, आणि मग संग्रहालय दुसऱ्या दिवसावर टाकलेलं बरं. सभांना ऑगस्टमध्ये आणि वर्षअखेरीस सुट्टी असते.

चूक: ‘प्राइडच्या दिवशीच जाऊ, तेव्हा खरी मजा.’ प्राइडची, म्हणजे एलजीबीटीक्यू लोकांच्या वार्षिक उत्सवाची, मिरवणूक जूनच्या शेवटच्या रविवारी असते. त्या दिवशी सिटी हॉलसमोरचं मैदान माणसांनी फुललेलं असतं, पण आत जाता येत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन दिवस ठेवा.

तपासा: निघायच्या आदल्या दिवशी सिटी हॉल आणि संग्रहालय या दोन्हींच्या वेळा त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. संग्रहालयाचा पत्ताही बघा, कारण ते नव्या जागेत हलवायचं चाललं आहे. सिटी हॉलमध्ये मोफत मार्गदर्शित फेऱ्या असतात, पण त्यांचे वार बदलत राहतात. जमलं तर त्यांच्या वेळेशी सांगड घाला.

## २. आदल्या रात्री अर्धा तास: चार तारखा

ही पायरी गाळली तर संगमरवर, जिने आणि फोटो यांपलीकडे हाती काही लागत नाही.

नोव्हेंबर १९७७. हार्वे मिल्क बोर्डावर निवडून आला. तो न्यूयॉर्कहून आलेला, कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचं दुकान चालवणारा, आणि आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगणारा. आधीच्या निवडणुकांत पडला तरी त्यानं उभं राहणं सोडलं नव्हतं. जानेवारी १९७८ मध्ये तो समर्थकांबरोबर कॅस्ट्रोपासून सिटी हॉलपर्यंत चालत आला आणि त्यानं पदाची सूत्रं घेतली. त्याच वर्षी समलिंगी लोकांना घर, नोकरी आणि सार्वजनिक सेवांमध्ये भेदभावापासून संरक्षण देणारा शहराचा कायदा बोर्डानं १० विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. विरोधातलं ते एक मत डॅन व्हाइट या सदस्याचं होतं.

२७ नोव्हेंबर १९७८. व्हाइटनं त्याच महिन्यात राजीनामा दिला होता आणि आता त्याला पद परत हवं होतं. महापौर जॉर्ज मॉस्कोनी ते द्यायला तयार नव्हते. त्या सकाळी तो पिस्तूल घेऊन आला. दारावर धातुशोधक होता, म्हणून तळघराच्या खिडकीतून आत शिरला. महापौरांना त्यांच्या कचेरीत गोळ्या घातल्या, मग इमारतीच्या दुसऱ्या बाजूला चालत जाऊन मिल्कला मारलं. त्या संध्याकाळी हजारो लोक मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रोहून सिटी हॉलपर्यंत आले. २१ मे १९७९ ला ज्युरीनं व्हाइटला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. शिक्षा झाली सात वर्षं आठ महिन्यांची. त्या रात्री सिटी हॉलच्या काचा फुटल्या आणि पोलिसांच्या गाड्या जळाल्या. दुसऱ्या दिवशी मिल्कचा वाढदिवस होता.

१२ फेब्रुवारी २००४. महापौर गॅव्हिन न्यूसम यांच्या आदेशानं सिटी हॉलमध्ये समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने मिळू लागले. पहिलं लग्न डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांचं. पन्नासहून अधिक वर्षं एकत्र राहिलेल्या या दोघी १९५५ मध्ये ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ ही लेस्बियन स्त्रियांची संघटना सुरू करणाऱ्यांपैकी होत्या. महिनाभरात सुमारे ४,००० जोडप्यांची लग्नं लागली. मार्चमध्ये कोर्टानं ती थांबवली आणि ऑगस्टमध्ये सगळी रद्द ठरवली.

जून २००८ आणि जून २०१३. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं हक्क मान्य केल्यावर १६ जून २००८ ला मार्टिन आणि लायन यांनी पुन्हा लग्न केलं, याच इमारतीत. मार्टिन त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत गेल्या. नोव्हेंबरमध्ये सार्वमतानं लग्नं पुन्हा बंद पाडली. ती कायमची सुरू झाली २८ जून २०१३ ला.

चूक: ‘२००४ मध्ये इथं समलिंगी विवाह कायदेशीर झाला’ असं मुलांना सांगणं. झाला नाही. एकाच जोडप्याला एकाच इमारतीत दोनदा लग्न का करावं लागलं, हे कळल्याशिवाय या जागेचं महत्त्व कळत नाही.

आईबाबा किंवा सासूसासरे बरोबर असतील तर हे सगळं सकाळी चहाच्या वेळीच सांगून टाका. तिथं पोचल्यावर, लग्नाच्या पोशाखातल्या दोन पुरुषांसमोर उभं राहून कुजबुजत समजावणं त्या दोघांचाही अपमान करतं आणि आईबाबांनाही अवघडून टाकतं. निवडून आलेल्या माणसाची गोष्ट आणि ५० वर्षं थांबलेल्या दोन स्त्रियांची गोष्ट, एवढ्या दोन पुरतात. माझा अनुभव असा की ऐंशीच्या घरातल्या मंडळींना दुसरी गोष्ट आपल्यापेक्षा लवकर कळते.

## ३. पोचायचं कसं

गाडी नको. सिटी हॉलसमोरच्या मैदानाखाली पार्किंग आहे, पण या शहरात गाडीच्या काचा फोडून बॅगा पळवण्याचे प्रकार होतात. गाडी न्यावीच लागली तर आत एक जॅकेटसुद्धा दिसेल असं ठेवू नका.

फ्रीमाँट आणि ईस्ट बेकडून येणाऱ्यांनी बार्ट रेल्वेनं ‘सिव्हिक सेंटर’ स्टेशनवर उतरावं. सनीव्हेल, माउंटन व्ह्यूकडून कॅलट्रेननं शेवटच्या स्टेशनपर्यंत, आणि तिथून म्युनीची, म्हणजे शहराच्या स्थानिक रेल्वेची, एन लाइन धरून त्याच सिव्हिक सेंटरला. या गाड्यांसाठी क्लिपर हे प्रवासाचं कार्ड वापरणार असाल तर ते प्रत्येकाचं वेगळं घ्या. एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, आणि पाहुण्यांचा पहिला खोळंबा या फाटकावरच होतो. कार्डं आदल्या दिवशी घेऊन ठेवा.

जुलै असो की ऑगस्ट, जॅकेट हवंच. सॅन होजेत घाम येत असताना इथं बोचरा वारा असतो.

## ४. स्टेशनबाहेर लगेच: यूएन प्लाझा

सिटी हॉलकडे घाईनं निघण्याआधी इथं दहा मिनिटं थांबा. गिल्बर्ट बेकर आणि त्याच्या साथीदारांनी बनवलेला एलजीबीटीक्यू चळवळीचा पहिला इंद्रधनुषी झेंडा २५ जून १९७८ ला या चौकात फडकला. तेव्हा त्यात आठ रंग होते. स्वयंसेवकांनी कापड हातानं रंगवलं आणि शिवलं, तेही इथून जवळच, ग्रोव्ह स्ट्रीटवरच्या समाजकेंद्रात.

चौकाच्या कडेला जुनी, दगडी फेडरल इमारत आहे. २७ नोव्हेंबर १९८५ ला, मिल्क आणि मॉस्कोनी यांच्या स्मृतिमोर्चात, लोकांनी एड्सनं गेलेल्या आपल्या माणसांची नावं पुठ्ठ्यांवर लिहून आणली आणि शिड्या लावून या भिंतीवर चिकटवली. नावांनी भरलेली ती भिंत गोधडीसारखी दिसते असं क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला वाटलं, आणि त्यातूनच पुढे १९८७ मध्ये एड्स मेमोरियल क्विल्टचं, म्हणजे गेलेल्यांच्या स्मरणार्थ शिवलेल्या गोधडीचं, काम उभं राहिलं. भिंतीवर आज काही नाही, त्यामुळे बहुतेक जण तिच्यासमोरून तसेच निघून जातात.

सूचना: या चौकात बेघर आणि व्यसनानं ग्रासलेली माणसं दिसतील. त्यांचे फोटो काढू नका. फोन हातात उघडा धरून चालू नका आणि आपल्या वाटेनं पुढे जा. दिवसा इथं भरपूर वर्दळ असते.

## ५. आत शिरताना

मैदान ओलांडून समोरच्या दारानं, म्हणजे पोल्क स्ट्रीटच्या बाजूनं आत जा. या पट्ट्याचं नाव आता डॉ. कार्लटन गुडलेट प्लेस आहे, नकाशात तेच शोधा. मागच्या व्हॅन नेस बाजूनंही प्रवेश आहे, पण तिथून शिरलात तर मोठा जिना समोरून दिसत नाही आणि दिशांचा घोळ होतो.

तपासणी विमानतळासारखी आहे. पर्समधला फळं कापायचा चाकू, मोठी कात्री घरीच ठेवा. त्या धातुशोधक चौकटीतून जाताना १९७८ आठवा: ती टाळण्यासाठीच व्हाइट खिडकीतून आला होता. प्रवेश मोफत आहे आणि ओळख दाखवावी लागत नाही. व्हीलचेअर असेल किंवा गुडघे दुखत असतील तर पहारेकऱ्याला लिफ्ट विचारा. खालचं सगळं वरूनही दिसतं, त्यामुळे लिफ्टनं गेल्यानं काही चुकत नाही.

## ६. जिना, पुतळा, सभागृह: इथं सर्वात जास्त वेळ द्या

घुमटाखाली उभे राहा. समोर वर चढत जाणारा रुंद संगमरवरी जिना आहे. त्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे पश्चिमेला, बोर्डाचं सभागृह. तुमच्या पाठीमागे वरच्या बाजूला, पूर्वेला, महापौरांची कचेरी. ही एवढी रचना डोक्यात पक्की बसली की २७ नोव्हेंबरची सकाळ समोर उभी राहते. पूर्वेकडून पश्चिमेकडे, याच दुसऱ्या मजल्यावरून, व्हाइट चालत गेला होता.

जिना चढा. वर, सभागृहाच्या बाजूला, हार्वे मिल्कचा अर्धपुतळा आहे. २२ मे २००८ ला, त्याच्या जन्मदिवशी, तो बसवला गेला. चेहऱ्यावर मोकळं हसू आहे आणि टाय वाऱ्यानं उडाल्यासारखा एका बाजूला वळलेला. पुतळ्याभोवती एक चक्कर मारा आणि चौथऱ्यावरचा मजकूर पूर्ण वाचा. बहुतेक जण समोरून फोटो काढून तिथूनच फिरतात.

चूक: पुतळा खाली शोधत बसणं. खालच्या मजल्यावर तो नाही.

पुतळ्याजवळच सभागृह आहे, खोली क्रमांक २५०. दार उघडं असेल तर हळूच आत जाऊन मागच्या बाकांवर बसा. कोरीव लाकडानं मढवलेल्या भिंती आणि सदस्यांची अर्धवर्तुळात लावलेली टेबलं दिसतात. १० विरुद्ध १ चं मतदान इथं झालं. दार बंद असेल तर ओढून बघू नका, मंगळवारच्या सभेलाच या.

मग सज्जातून वळसा घेऊन पूर्वेला जा, खोली क्रमांक २०० कडे. तिथं मॉस्कोनींचाही पुतळा आहे. मिल्कचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं आणि मॉस्कोनी मागे पडतात, हे मला खटकतं. समलिंगी नागरिकांना, स्त्रियांना, कृष्णवर्णीयांना शहराच्या समित्यांवर बसवणारा हा महापौर होता आणि त्याच सकाळी, मिल्कच्या आधी, तो मारला गेला. त्याच्यासमोरही थांबा. २८ जून २०१३ ला, लग्नबंदीविरुद्ध कोर्टात लढलेल्या क्रिस पेरी आणि सँडी स्टियर यांचं लग्न याच बाजूच्या सज्जात लागलं. ते लावणाऱ्या होत्या राज्याच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल कमला हॅरिस.

सूचना: ‘खून नेमका कुठल्या खोलीत झाला’ असं कर्मचाऱ्यांना विचारत फिरू नका. तिथं आजही कामकाज चालतं, आणि ती खोली बघितल्यानं जास्त काही कळत नाही.

तपासा: खाली उतरण्याआधी मिल्कचा पुतळा, सभागृहाचं दार आणि मॉस्कोनींचा पुतळा ही तिन्ही झाली ना?

## ७. लग्नं चालू असतील तेव्हा

असणारच. वेळ ठरवून आलेली जोडपी, बरोबर मोजके पाहुणे, आणि जिन्याच्या वर घुमटाखाली दर थोड्या वेळानं एक नवं लग्न. स्त्री-पुरुष, दोन स्त्रिया, दोन पुरुष, सगळे एकाच रांगेत.

त्यांच्या मागून चालत जाऊ नका, त्यांच्या फोटोग्राफरच्या चौकटीत येऊ नका. परवानगीशिवाय जोडप्यांचे फोटो अजिबात नकोत, व्हॉट्सअॅपवर पाठवायला तर मुळीच नकोत. एखाद्याच्या घरी अजून माहीत नसतं, आणि तुमच्या एका फॉरवर्डनं त्याच्या आयुष्यात उलथापालथ होऊ शकते. नजरानजर झाली तर हसून ‘काँग्रॅच्युलेशन्स’ म्हणा, तेवढं सगळ्यांना आवडतं. आणि ‘यांना कुठं मराठी कळतंय’ या भरवशावर मोठ्यानं शेरे मारू नका. बे एरियात मराठी कळणारं माणूस शेजारीच उभं असायची दाट शक्यता असते, कधी कधी लग्नाच्या पोशाखात.

२००४ च्या फेब्रुवारीत याच इमारतीभोवती जोडप्यांनी पावसात रात्रभर रांगा लावल्या होत्या. देशभरातल्या अनोळखी लोकांनी त्या रांगेत कुणाच्याही हाती द्या म्हणून फुलं पाठवली होती. बाहेर पडल्यावर इमारतीला एक पूर्ण फेरी मारा, म्हणजे ती रांग किती लांब असेल याचा अंदाज येतो.

## ८. समोरचं ग्रंथालय

मैदानापलीकडे, लार्किन स्ट्रीटवर, शहराचं मुख्य सार्वजनिक ग्रंथालय आहे. तिसऱ्या मजल्यावर १९९६ मध्ये सुरू झालेलं जेम्स हॉर्मेल एलजीबीटीक्यू केंद्र आहे. गोलाकार दालन, वर रंगवलेलं छत, आणि कुणीही काढून वाचावीत अशी पुस्तकं. इथं बसायला जागा आणि स्वच्छतागृह दोन्ही मिळतात, त्यामुळे वयस्कर मंडळींची विश्रांतीही इथंच करा.

मिल्कची कागदपत्रं याच ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत, पण ती सहाव्या मजल्यावरच्या इतिहास केंद्रात मागवून बघावी लागतात. त्याची वेळ ग्रंथालयापेक्षा कमी असते, त्यामुळे आधी लिहून विचारल्याशिवाय त्यावर दिवस आखू नका.

आपल्या बाजूचा धागा शोधायचा असेल तर इथल्या टेबलावर दक्षिण आशियाई साहित्याबद्दल विचारा. ‘त्रिकोण’ ही दक्षिण आशियाई एलजीबीटीक्यू लोकांची संघटना १९८६ मध्ये बे एरियातच सुरू झाली, मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ निघण्याच्या चार वर्षं आधी.

## ९. ऐच्छिक: टर्क आणि टेलर स्ट्रीटचा कोपरा

ऑगस्ट १९६६ मध्ये या कोपऱ्यावरच्या कॉम्प्टन्स कॅफेटेरियात पोलिसांच्या जाचाला कंटाळलेल्या ट्रान्स स्त्रियांनी प्रतिकार केला. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधल्या प्रसिद्ध उठावाच्या तीन वर्षं आधी. आज तिथं पदपथावर एक फलक आहे आणि भोवतालचा भाग ट्रान्सजेंडर डिस्ट्रिक्ट म्हणून ओळखला जातो. ग्रंथालयापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत.

हा कोपरा टेंडरलॉइनमध्ये येतो, आणि तो गरिबीनं पिचलेला भाग आहे. भरदिवसा, दोघंतिघं मिळून जा. लहान मुलं किंवा थकलेले आईबाबा बरोबर असतील तर ही पायरी सोडा, बाकीचा दिवस त्यावाचून अडत नाही.

## १०. दुपारनंतर कॅस्ट्रो

सिव्हिक सेंटरहून म्युनीची के, एल किंवा एम लाइन धरा आणि कॅस्ट्रो स्टेशनवर उतरा. घाई नसेल तर मार्केट स्ट्रीटवरची जुनी एफ ट्राम घ्या. ती जमिनीवरून जाते, त्यामुळे मिल्क आणि त्याच्यामागचे मोर्चे ज्या रस्त्यानं आले तो उलट दिशेनं बघता येतो.

आधी संग्रहालय, बाकी सगळं नंतर, कारण संध्याकाळी बंद होणारी गोष्ट तीच आहे. यूएन प्लाझात फडकलेल्या मूळ झेंड्याचा एक तुकडा तिथं आहे. रंग फिके झालेत, पण कापडाचा पोत जवळून दिसतो. सकाळी तो चौक बघितला असेल तर या तुकड्यासमोर तुम्ही आपोआप जास्त वेळ थांबाल.

नंतर ५७५ कॅस्ट्रो स्ट्रीट, मिल्कचं दुकान जिथं होतं ती जागा. पदपथावरचा फलक बघायला मान खाली घालावी लागते. याच भागातल्या पदपथांवर एलजीबीटीक्यू व्यक्तींच्या स्मरणार्थ बसवलेल्या ब्राँझच्या पाट्या आहेत, त्या वाचत स्टेशनकडे परत या. कोपऱ्यावर मोठ्या काचांचा ट्विन पीक्स टॅव्हर्न दिसेल. समलिंगी लोकांचे बार तेव्हा काळ्या काचांआड लपलेले असत. १९७२ मध्ये या जागेनं रस्त्यावरून आत दिसेल अशा काचा लावल्या. रस्त्यापलीकडे, १७ व्या स्ट्रीटच्या टोकाला, नाझींनी मारलेल्या समलिंगी लोकांच्या स्मरणार्थ उभारलेले १५ ग्रॅनाइटचे खांब आहेत. तिथं चढ आहे, गुडघेदुखीवाल्यांना खालच्या बाकावर बसवा.

तपासा: कॅलट्रेननं परतणार असाल तर सुटायची वेळ कॅस्ट्रोमध्येच बघून घ्या. संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात, आणि कॅस्ट्रोहून कॅलट्रेनच्या स्टेशनपर्यंत मध्ये गाडी बदलावी लागते. पाऊण तास हाताशी ठेवून निघा.